चिरा हलत नाही तोवर घर्षण किती?

एक साधा प्रश्न घ्या. ३० किलोचा जांभ्याचा चिरा आडव्या लाकडी फळीवर ठेवलाय. चिरा आणि फळी यांच्यातला स्थितिक घर्षणांक ०.६, गतिक घर्षणांक ०.४५. गुरुत्वीय त्वरण १० धरा, हिशेब सोपा जाईल. चिऱ्याला दोरी बांधून तुम्ही तो ५० न्यूटन बलाने आडवा ओढता. चिऱ्यावरचं घर्षण बल किती?

जॅम, नेट, गेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण इथे क्षणभरही न थांबता १८० न्यूटन म्हणतात. अभिलंब बल ३००, गुणिले ०.६, झाले १८०. गुणाकार बरोबर आहे, उत्तर चूक आहे. उत्तर ५० न्यूटन.

१८० का नाही? धरून चाला की आहे. मग पुढे ५०, मागे १८०, निव्वळ बल १३० न्यूटन मागे. म्हणजे तुम्ही चिरा पुढे ओढताय आणि तो ४.३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने मागे पळतोय! असा चिरा सापडला तर कोकणातला वीजप्रश्न कायमचा मिटेल.

सूत्र पाठ असूनही हा घोटाळा होतो, कारण सूत्राची अर्धी ओळच पाठ असते. 'घर्षण बरोबर म्यू गुणिले अभिलंब बल' हे विधान गतिक घर्षणासाठी समीकरण आहे. स्थितिक घर्षणासाठी ते समीकरण नाही, असमानता आहे: स्थितिक घर्षण हे म्यू-एस गुणिले अभिलंब बल याहून लहान किंवा फार तर तेवढंच असतं. वाण्याकडे तुमच्या खात्याला ५००० रुपये उधारीची मर्यादा आहे म्हणून तुम्ही ५००० रुपये देणं लागत नाही. तुम्ही जेवढं सामान नेलंत तेवढीच उधारी. १८० न्यूटन ही मर्यादा आहे, उधारी ५० ची.

मग स्थितिक घर्षणाला स्वतःचं सूत्रच नाही का? नाही. ते कशाने ठरतं? न्यूटनच्या नियमाने. वस्तू घसरत नाहीये एवढी माहिती तुमच्याकडे आहे, त्यावरून घर्षण किती असायला हवं ते काढायचं. दोरीतला ताण किंवा टेबलाचं अभिलंब बल आपण असंच काढतो. टेबलावर पुस्तक ठेवलं की टेबल जेवढं लागेल तेवढंच वर ढकलतं, याचं आपल्याला नवल वाटत नाही. घर्षणाच्या बाबतीत मात्र तेच पचायला जड जातं, कारण हाताशी एक तयार गुणाकार असतो.

आता ओढ हळूहळू वाढवा. १०० ने ओढलात, घर्षण १००. १७० ने ओढलात, घर्षण १७०. १८० वर चिरा अगदी काठावर. त्याच्या जरा पुढे गेलात की तो सुटतो, आणि सुटल्याबरोबर घर्षण १८० वरून खाली येऊन १३५ होतं (०.४५ गुणिले ३००). आलेख काढलात तर आधी ४५ अंशातली सरळ रेषा, मग एक उतरलेली पायरी, मग सपाट. जड कपाट ढकलताना ते सुटल्यावर आपण जे तोंडावर पडतो ती हीच पायरी.

इथपर्यंत पुस्तकात असतं. पण एक प्रश्न विचारून बघा, मुलाखतीत तो विचारायला फार छान आहे: मी चिऱ्याला १५० न्यूटनने ओढतेय, घर्षण किती?

यावर उत्तर न देता उलट प्रश्न विचारला पाहिजे: चिरा आधी थांबलेला होता की सरकत होता? थांबलेला असेल तर घर्षण १५०, आणि तो थांबलेलाच राहील. आधी २०० ने ओढून सरकवला असेल आणि मग ओढ १५० वर आणली असेल, तर घर्षण १३५, आणि तो अजूनही ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वेग घेतोय. तोच चिरा, तीच फळी, तीच ओढ, उत्तरं दोन. म्हणजे आत्ताची बलं माहीत असून भागत नाही, मागचा इतिहासही लागतो. पुढे चुंबकत्वात हिस्टेरेसिस शिकाल तेव्हा हा चिरा आठवा. भौतिकशास्त्रात 'इतिहासावर अवलंबून असणं' ही गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा भेटते ती अकरावीच्या घर्षणात, फक्त कोणी ओळख करून देत नाही.

मे अखेरीस पावसाळी मासेमारी बंदीच्या आधी होड्या वाळूवर ओढून घेतात ते तुमच्यापैकी किनाऱ्यावरच्यांनी पाहिलं असेल. मी सध्या केळशीत घरी आहे, इथेही तेच. आकडे सोयीसाठी धरतेय: होडी ५०० किलोची, म्यू-एस ०.६, म्यू-के ०.५. सुटायला ३००० न्यूटन हवेत, सरकत ठेवायला २५००. दहा माणसं, प्रत्येकी ३२० न्यूटन. एकेकाने पाळीपाळीने जोर लावला तर दिवसभरात होडी तसूभर हलायची नाही, कारण ३२० ला घर्षण ३२० नेच उत्तर देतं. बलं साठत नाहीत, आज लावलेला जोर उद्यासाठी शिल्लक राहत नाही. आरोळीवर दहाही जणांनी एकदम ओढलं की ३२००, होडी सुटली. त्यानंतर दोघांनी हात सोडले तरी आठ जणांचे २५६० पुरतात. पण मध्येच थांबलात तर त्या आठांना ती पुन्हा सुटायची नाही. म्हणून ओढताना कोणी 'थांबा रे' म्हटलं की बाकीचे त्याच्यावर खेकसतात. (खऱ्या वाळूत होडीचा तळ रुततो, वाळू पुढे ढकलली जाते, त्यामुळे हे निव्वळ घर्षण नाही. गोल ओंडके किंवा फळ्या खाली घालतात ते त्यासाठी.)

उतार

आता फळी एका बाजूने उचला. कोन वाढत जातो, उताराच्या दिशेने गुरुत्वाचा घटक वाढतो, अभिलंब बल कमी होतं. चिरा घसरण्याच्या काठावर येतो तेव्हा कोनाचा टॅन्जंट म्यू-एसएवढा असतो. ०.६ साठी हा कोन जवळजवळ ३१ अंश. वस्तुमान समीकरणातून उडून जातं, म्हणून चिऱ्याऐवजी त्याचा अर्धा तुकडा ठेवलात तरी कोन तोच.

२० अंशांवर घर्षण किती? परत १८० च्या भावंडाकडे धावू नका. चिरा थांबलेला आहे, म्हणून घर्षण म्हणजे उताराच्या दिशेचा वजनाचा घटक: ३०० गुणिले साइन २०, सुमारे १०३ न्यूटन. मर्यादा आहे ०.६ गुणिले ३०० गुणिले कोसाइन २०, सुमारे १६९. घर्षण १६९ धरलंत तर चिरा आपोआप चढावर चढू लागेल.

२८ अंश जास्त मजेदार आहे. टॅन २८ म्हणजे ०.५३, ०.६ पेक्षा कमी, म्हणून अलगद ठेवलेला चिरा तिथेच बसतो. पण ०.५३ हे ०.४५ पेक्षा जास्त आहे. म्हणजे एक टिचकी मारून त्याला सुटू दिलंत तर तो सुमारे ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने घसरत जाणार, थांबणार नाही. २४ ते ३१ अंशांच्या या पट्ट्यात प्रत्येक कोनाला दोन उत्तरं आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यावर ऑयलरने हेच निरीक्षण वापरून दोन घर्षणांमधला फरक मांडला. घसरणं सुरू झाल्यावरही घर्षण तेवढंच राहिलं असतं, तर काठाच्या कोनाला केसभर ओलांडल्यावर वस्तू अगदी मुंगीच्या पावलांनी निघाली असती. तशी ती निघत नाही, चांगली धावते. घड्याळ आणि उतार एवढ्यावर काढलेला हा निष्कर्ष मला आजही फार आवडतो.

केळशीला आलेल्यांना खाडीच्या तोंडाशी असलेली वाळूची मोठी टेकडी माहीत असते. ती वाऱ्याने हळूहळू साठली की समुद्राच्या एका मोठ्या तडाख्याने आली, हा वेगळा वाद आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी ती त्सुनामीने आणलेली असावी असं मत मांडलं होतं. आपल्याला त्या वादात शिरायचं नाही. वाळूच्या उताराकडे तेवढं बघायचं आहे. (टेकडी खणू नका. बादलीभर वाळू किनाऱ्यावरून घ्या.)

कोरडी वाळू ओतत गेलात की ढिगाचा उतार वाढत जातो आणि साधारण ३४ अंशांच्या आसपास एक थर सुटून खाली येतो. वाहून झाल्यावर जो उतार उरतो तो आधीपेक्षा एखाद-दोन अंशांनी कमी असतो. पुन्हा ओता, पुन्हा चढेल, पुन्हा सुटेल. सुटण्याचा कोन वेगळा, थांबण्याचा कोन वेगळा. २४ आणि ३१ चा आपला चिरा इथे लाखो दाण्यांच्या रूपात आलाय. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अभियंत्याने वाळवंटात हिंडून या गोष्टींचा अभ्यास केला, १९४१ साली पुस्तक लिहिलं, आणि दाणेदार पदार्थांवर काम करणारे आम्ही लोक अजून ते उघडतो.

मात्र इथे सावध राहा. 'वाळूचा कोन ३४ अंश, म्हणून दाण्या-दाण्यांमधला घर्षणांक टॅन ३४ म्हणजे ०.६७' असं लिहिलंत तर परीक्षक हसेल. वाळूचा दाणा घसरण्यासाठी आधी शेजारच्या दाण्यांच्या खाचेतून वर चढावा लागतो. त्या कोनात घर्षण आहे तशीच भूमितीही आहे. संगणकावर घर्षण पूर्ण शून्य ठेवून गोट्यांचा ढीग केला तरी तो काही अंश उभा राहतो! चिऱ्यासाठी जे सूत्र थेट घर्षणांक देतं ते वाळूसाठी एक 'परिणामी' घर्षणांक देतं.

ओली वाळू तर वेगळंच प्रकरण. लाटेने भिजलेल्या वाळूची जवळजवळ उभी भिंत राहते, मुलं तिचे किल्ले करतात, आणि दुपारच्या उन्हात वाळली की कोसळते. दाण्यांमधल्या पाण्याचे सूक्ष्म पूल पृष्ठताणामुळे दाणे ओढून धरतात, म्हणजे वजनाशिवायचं एक जादा दाबणारं बल मिळतं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या गटाने वाळूवरून घसरगाडी ओढून मोजमाप केलं. थोडं पाणी घातल्यावर लागणारं बल जवळपास निम्म्यावर आलं, कारण घट्ट झालेली वाळू गाडीपुढे ढीग करत नाही. पाणी जास्त झालं की बल परत वाढतं. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेपच्या थडग्यात एक चित्र आहे, त्यात प्रचंड पुतळा ओढणाऱ्या गाडीपुढे एक माणूस पाणी ओततोय. तो धार्मिक विधी असावा असं बरेच दिवस समजलं जायचं.

घर्षण गतीच्या विरुद्ध असतं?

हे वाक्य वहीतून खोडून टाका. घर्षण हे दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याच्या विरुद्ध असतं, किंवा घसरू पाहण्याच्या विरुद्ध. गती पुढे, घर्षणही पुढे, असं रोज घडतं.

पिकअप टेम्पोच्या हौद्यात हापूसची पेटी ठेवलीय, २० किलोची, न बांधता. म्यू-एस ०.४, म्यू-के ०.३. टेम्पो २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघतो. पेटीला पुढे कोण नेतं? तिला इंजिन नाही, दोरी नाही. हौद्याच्या तळाचं घर्षणच तिला पुढे ढकलतं. किती? २० गुणिले २ म्हणजे ४० न्यूटन. मर्यादा ८० ची आहे, म्हणून पेटी टेम्पोबरोबर जाते. रस्त्यावर उभ्या माणसाला पेटीची गती पुढे दिसते, घर्षणही पुढे.

आता चालकाने ब्रेक मारला, मंदन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पेटीला टेम्पोबरोबर थांबायचं तर १०० न्यूटन मागे हवेत. मर्यादा ८०. नाही मिळणार. म्हणून पेटी सरकते, आणि सरकू लागल्यावर घर्षण ८० सुद्धा राहत नाही, ६० होतं. पेटीचं मंदन ३, टेम्पोचं ५. टेम्पोच्या दृष्टीने पेटी २ मीटर प्रति सेकंद वर्गाने पुढे येतेय. पुढच्या फळीपर्यंत एक मीटर मोकळी जागा असेल तर बरोब्बर एका सेकंदात, २ मीटर प्रति सेकंद सापेक्ष वेगाने, पेटी फळीवर आदळेल. (टेम्पोचा वेग सुरुवातीला ५ मीटर प्रति सेकंद तरी हवा, नाहीतर तो सेकंदाच्या आतच थांबेल आणि हिशेब बदलेल. असल्या अटी तपासायची सवय लावून घ्या.)

या गणितात आपण काय केलं ते बघा. आधी धरलं की पेटी घसरत नाही. त्यासाठी किती घर्षण लागेल ते काढलं. मग मर्यादेशी ताडून पाहिलं. बसलं तर उत्तर तेच. नाही बसलं तर गृहीतक सोडून दिलं आणि गतिक घर्षण घेऊन नव्याने मांडलं. घर्षणाच्या प्रत्येक प्रश्नाला, एकावर एक तीन ठोकळे असले तरी, हीच वाट आहे. तीन ठोकळ्यांत फक्त कुठला पृष्ठभाग आधी सुटतो याच्या शक्यता वाढतात आणि प्रत्येक शक्यता वेगळी तपासावी लागते. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

गाडीच्या चाकाचंही थोडक्यात. न घसरता फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून तिथे स्थितिक घर्षण. ब्रेकने चाक जाम केलं की टायर फरफटतो आणि घर्षण गतिक होतं. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. घर्षणांक ०.७ वापरता आला तर गाडी सुमारे ७ मीटरमध्ये थांबते. चाकं जाम होऊन ०.५ वर आला तर १० मीटर. घाटाच्या वळणावर हे तीन मीटर म्हणजे कठड्याच्या अलीकडे की पलीकडे एवढा फरक असू शकतो. शिवाय फरफटणारं चाक वळवता येत नाही. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, स्थितिक घर्षणाच्या काठाजवळ ठेवायला बघतं. पावसात दोन्ही आकडे खाली येतात. शेवाळलेल्या पाखाडीवर तर किती खाली येतात ते जुलैत सडावर चढलेल्या कुणालाही विचारा. तिथे पाय लांब टाकायचा नाही, एवढं शहाणपण आजीकडून मिळतं: पाऊल जितकं लांब तितका पाय तिरपा, आणि आडवं बल भागिले उभं बल हे गुणोत्तर म्यू-एसच्या वर जातं.

दोन घर्षणं का?

लिओनार्दोने १४९३ च्या सुमारास घर्षणाचे नियम वहीत टिपले होते, पण ते छापले गेले नाहीत. १६९९ मध्ये फ्रान्समध्ये आमाँताँने ते नव्याने मांडले: घर्षण दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात, आणि पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नाही. पुढे कुलोमने, हो, विद्युतभारवालाच, लष्करी अभियंता असताना रोशफोर या नौदलाच्या बंदरात प्रयोग केले. १७८१ मध्ये त्याला अकादमीचं पारितोषिक मिळालं, १७८५ मध्ये काम छापून आलं. जहाज पाण्यात ढकलायला किती बल लागेल, हा तिथल्या लोकांचा रोजचा प्रश्न. कुलोमच्या एका निरीक्षणाकडे अकरावीची पुस्तकं बघतच नाहीत: लाकडावर लाकूड जितका जास्त वेळ ठेवून द्याल तितकं सुटायला बल जास्त लागतं. स्थितिक घर्षण वयाबरोबर वाढतं.

यामागचं चित्र विसाव्या शतकात बोडन आणि टेबर यांनी स्पष्ट केलं. कितीही गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात थोड्याच उंचवट्यांवर टेकतात. डोळ्यांना दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा फार लहान अंश खरा स्पर्शात असतो. दाब वाढवला की उंचवटे चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. म्हणून घर्षण अभिलंब बलाच्या प्रमाणात, आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळाशी त्याचं देणंघेणं नाही. चिरा आडवा ठेवा किंवा उभा, एकूण चेपणं तेवढंच. आणि वस्तू थांबून राहिली की उंचवटे हळूहळू आणखी बसतात, जोड मुरतो. सरकत्या वस्तूत प्रत्येक जोडाला मुरायला वेळच मिळत नाही. गतिक घर्षण कमी का, याचं एक मोठं कारण हे.

त्यामुळे 'म्यू-एस आणि म्यू-के' हे दोन वेगळे निसर्गनियम नाहीत. एकाच प्रक्रियेची ती दोन टोकं आहेत, आपण सोयीसाठी दोन आकडे केले. आणि घर्षणांक एकपेक्षा जास्त असू शकत नाही हा समजही सोडा. कोरड्या रस्त्यावर चांगल्या रबराचा एकपेक्षा जास्त असू शकतो.

सुटणं, घर्षण कमी होणं, वेग घेणं, परत अडकणं. या चक्रामुळे विहिरीवरचा रहाट कुरकुरतो आणि सारंगीच्या गजाला राळ लावली की तार बोलते. जमिनीखाली हेच चक्र भूकंप घडवतं. खडकातल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात, स्थितिक घर्षणाने अडकलेल्या असतात, ताण वर्षानुवर्षं वाढत असतो. सुटल्यावरही घर्षण तेवढंच राहिलं असतं तर खडक निमूटपणे सरकत राहिला असता. ते कमी होतं, म्हणून हादरा बसतो. डीटरिक आणि रुइना यांनी १९७०-८० च्या दशकांत घर्षणाचे जे नियम मांडले, वेगावर आणि जोडाच्या वयावर अवलंबून असणारे, ते आज भूकंपशास्त्रात सर्रास वापरतात. त्यांची सुरुवात कुलोमच्या त्या मुरलेल्या लाकडात आहे.

आपल्याकडचं उदाहरण कोयना. धरणात पाणी साठू लागल्यावर त्या भागात लहान भूकंप जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ च्या आसपास तीव्रतेचा मोठा भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. 'पाण्याच्या वजनाने जमीन खचली' असं लोक म्हणतात, पण संशोधकांचं लक्ष जास्त आहे ते भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाकडे. हे पाणी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून दूर ढकलतं. म्हणजे आपल्या सूत्रातलं अभिलंब बल कमी होतं, मर्यादा खाली येते, आणि आधीच काठावर असलेली भेग सुटते. ताण पाण्याने निर्माण केलेला नाही, तो आधीपासून होता. पाण्याने फक्त उधारीची मर्यादा कमी केली. कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीने त्या भागात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय ते यासाठीच: खडकावर तिथे खरोखर बलं किती आहेत, ते जवळ जाऊन मोजायला.

स्वतः मोजायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. एक फळी, एक लाकडी ठोकळा आणि मोबाइल पुरे. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप कोन दाखवतं. फोन फळीला पट्टीने बांधा, फळी अगदी सावकाश उचला, ठोकळा सुटेल तो कोन लिहा. हे दहा वेळा करा. दहा वेगळे आकडे येतील. 'चुकतंय' म्हणून त्यातले चार गाळू नका. सरासरीबरोबर पसाराही लिहा. म्यू-एस ०.५८७ असं तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्याचा मोह होईल. तुमचे कोनच दोन-तीन अंशांनी हलत असतील तर त्या ८ ला आणि ७ ला काही अर्थ नाही.

म्यू-के साठी कोन काठाच्या थोडा वर ठेवा, ठोकळा वरून सोडा, खालपर्यंत किती वेळ लागला ते व्हिडिओवरून मोजा, त्यावरून त्वरण आणि त्वरणावरून घर्षणांक. दर वेळी ठोकळा ठेवल्यावर पाच सेकंदांनी फळी उचलायची की पाच मिनिटांनी, हे आधी ठरवा आणि वहीत लिहा. मग एकदा मुद्दाम रात्रभर ठेवून बघा. आणि कोकणात असाल तर तारखेबरोबर त्या दिवशी पाऊस होता का तेही लिहा, कारण दमट हवेत लाकूड पाणी धरतं आणि मे महिन्यातले आकडे जुलैत परत येणार नाहीत.